आजऱ्याचे तेवीस फॉर्म

बारा वर्षं एकच प्रश्न दोनदा विचारण्याचं काम केलं. त्याआधी एकोणीस वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. तिथं प्रश्न एकदाच विचारायचा आणि उत्तर दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्यायचं अशी रीत होती. वर्तमानपत्राची कोल्हापूरची आवृत्ती बंद झाली, तेव्हा एका मानसशास्त्रीय संशोधन केंद्राला फील्ड सुपरवायझर हवा होता. अर्जात पडताळणीचा अनुभव असं लिहिलं आणि नोकरी मिळाली. आता निवृत्त होऊन वर्ष झालं. लोक अजून विचारतात, तुम्ही तिथं नेमकं काय करत होता? या प्रश्नाचं उत्तर मी दरवेळी वेगळं देतो.

काम असं होतं. मन मोजायला फूटपट्टी नाही, म्हणून मानसशास्त्राची मंडळी प्रश्नावली करतात. कामाचा ताण, झोप, काळजी, एकटेपणा, जे मोजायचं असेल त्याची वीस-तीस विधानं तयार करायची आणि ती माणसापुढं ठेवायची. पण ही प्रश्नावली भरवशाची आहे का, हे आधी तपासावं लागतं. त्याला विश्वसनीयता म्हणतात. शब्द फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, उत्तर खरं आहे की खोटं हे आम्ही तपासतो. तसं नाही. मापून पुन्हा मापलं तर तेच येतं का, एवढंच तपासतात.

आमच्या वर्तमानपत्रात एक बातमीदार होता. प्रत्येक सभेची गर्दी तो दुप्पट लिहायचा. तो विश्वसनीय होता. आम्ही आकडा निम्मा करून छापायचो. दुसरा कधी दुप्पट लिहायचा, कधी निम्मी, कधी चुकून बरोबर. त्याचं काही करता येत नव्हतं. पहिल्याचं माप चुकीचं पण पक्कं, दुसऱ्याचं मापच नाही. केंद्रात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलाखतकाराला मी हे उदाहरण सांगत असे. मुलं हसत आणि दुसऱ्या दिवशी फील्डवरून परत येऊन विचारत, सर, पण खरं काय ते कधी तपासायचं? त्याला वैधता म्हणतात, आणि तो वेगळा विभाग आहे, असं मी सांगत असे.

तपासण्याच्या पद्धती तीन-चार आहेत. सगळ्यांत सोपी दिसणारी पद्धत म्हणजे त्याच माणसाला पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची आणि दोन्ही उत्तरं किती जुळतात ते काढायचं. अजिबात जुळली नाहीत तर शून्य, तंतोतंत जुळली तर एक. आकडा एकाच्या जेवढा जवळ तेवढं बरं. लगेच विचारलं तर माणूस मागचं आठवून सांगतो, फार उशिरा विचारलं तर माणूसच बदललेला असतो, म्हणून पंधरा दिवस. हा पंधरवडा ज्यांनी ठरवला ते मलकापूरला कधी गेले नसावेत. तिथून पुढं एका वाडीतल्या गृहस्थांनी पहिल्या खेपेला कामाचा ताण सगळ्या विधानांना शेवटच्या टोकाला सांगितला. पंधरा दिवसांनी त्यांना ताण म्हणून काही नव्हताच. मुलाखतकारानं चुकीचं लिहिलं असेल म्हणून मी स्वतः गेलो.

"तवा म्हस आटली हुती, पावणं," ते म्हणाले. "परवा व्याली. आता कसला ताण हाय मला?"

हे मी केंद्राच्या प्रमुखांना सांगितलं. त्यांना सगळे मॅडम म्हणत. पुढंही तसंच म्हणतो. मॅडम म्हणाल्या, म्हैस हा घटक आपल्या प्रश्नावलीत नाही. गृहस्थांची उत्तरं तशीच धरली गेली आणि आकडा तेवढा खाली आला. प्रश्नावलीचा दोष नव्हता, गृहस्थांचा नव्हता, म्हशीचा तर नव्हताच.

दुसरी पद्धत निरीक्षणाची. दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच वेळी बघायची आणि स्वतंत्र नोंद करायची. दोघांच्या नोंदी जुळायला हव्यात. बालवाडीतल्या मुलांची आक्रमकता मोजण्यासाठी आमच्या दोन मुलाखतकार मुलींना एकाच खोलीत बसवलं. दोघींपैकी एकीचे वडील तालमीत वस्ताद. एका मुलानं दुसऱ्याच्या मानेत हात घालून त्याला खाली घेतलं, तेव्हा तिनं खेळ असं लिहिलं. दुसरीनं आक्रमकता. दिवसभराच्या नोंदी निम्म्यासुद्धा जुळेनात. मग ढकलणं म्हणजे काय यावर तीन दिवस बैठक झाली. हात लागून समोरचं मूल जागचं हललं तर ते ढकलणं, असं ठरलं. त्यानंतर नोंदी उत्तम जुळल्या. फक्त सगळ्या मुलांना दंडाला धरून रांगेत उभं करणारी एक शहाणी मुलगी त्या बालवाडीतली सर्वांत आक्रमक ठरली.

तिसऱ्या पद्धतीत एकाच प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी जुळतात का ते बघतात. त्यात एक पळवाट आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. एकच गोष्ट सात तऱ्हांनी विचारली की उत्तरं आपोआप जुळतात आणि आकडा वर जातो. ही सात तऱ्हांची प्रश्नावली घेऊन मी एका वयस्कर शिंपीचाचांपुढं बसलो होतो. चौथ्या विधानाला त्यांनी चष्मा काढला. "सायेब, एकच शिवण सात ठिकानी उसवून बगताय व्हय? घट्ट हाय म्हणून सांगितलं की." पुढची तीन उत्तरं त्यांनी न ऐकता दिली. तीही जुळली.

असे वैतागाचे प्रसंग सांगत बसलो तर अंक भरेल. ते इथं थांबवतो, कारण लिहायचं आहे ते तेवीस फॉर्मांबद्दल.

नोकरीच्या नवव्या वर्षी केंद्रानं कामकरी बायकांसाठी ताणाची नवी प्रश्नावली केली. तीस विधानं. वाचता न येणाऱ्यांसाठी एक चित्राचं कार्ड होतं. त्यावर पाच घागरी: रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, भरलेली. विधान ऐकायचं आणि घागरीवर बोट ठेवायचं. सहा मुलाखतकार सहा ठिकाणी गेले. आजऱ्याच्या एका काजू कारखान्यातल्या तेवीस बायका रेखा कांबळे हिच्याकडं होत्या. रेखा मलकापूरची. मानसशास्त्रात एम. ए. केलेली, केंद्रात लागून सात महिने झालेली. बोलणं कमी, अक्षर स्वच्छ. एसटीनं जायची आणि शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीनं परत यायची.

दोन्ही फेऱ्या झाल्या. पाच जणांचे आकडे आले ते नेहमीसारखे, बरे. रेखाचा आकडा एकाला जवळजवळ टेकला होता. तेवीस बायका, तीस विधानं, आणि पंधरा दिवसांनी फरक पडला होता तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. मॅडम खूश झाल्या. त्यांना तो शोधनिबंधात घालायचा होता.

मी त्यांना थांबवलं. वर्तमानपत्रात दोन बातमीदारांची बातमी ओळीला ओळ सारखी आली, तर एकानं दुसऱ्याची उचलली असं समजतात. रेखाचे सगळे फॉर्म टेबलावर मांडले. दोन्ही फेऱ्या एकाच शाईत. खाडाखोड नाही. फील्डवर भरलेल्या फॉर्मवर चहाचा डाग असतो, घडी असते, चुकून मारलेली फुली गिरवलेली असते. इथं काही नव्हतं. दुसरी फेरी घरी बसून पहिलीवरून उतरवली आहे, असा निष्कर्ष मी काढला. या धंद्यात हे सगळ्यांत मोठं पाप आहे आणि वरचेवर घडतं.

रेखाला बोलावलं. तिनं फॉर्म बघितले आणि म्हणाली, "सर, बायकांनी तेच सांगितलं. मी काय करू?"

सगळ्यांनीच तेच सांगितलं का, असं मी विचारलं.

"मलाही नवल वाटलं. पण मी दुसरं कसं लिहू?"

खाडाखोड का नाही, यावर ती म्हणाली की तिच्या फॉर्मवर कधीच नसते. ते खरं होतं. तिचे जुने फॉर्म काढून बघायला हवे होते, बघितले नाहीत. "तुम्ही एकदा आजऱ्याला चला की सर," ती शेवटी म्हणाली. मी म्हटलं, बघू.

गेलो नाही. फोनवर तपासणी केली. तेवीसपैकी पाच जणींना फोन लावला. पाचही जणींनी जवळपास एकच सांगितलं. त्यातल्या एकीचे शब्द टिपून ठेवले होते ते असे: "व्हय, आलत्या की बाई. दोनदा आलत्या. समदं बरोबर सांगितलंय आमी."

बरोबर हा शब्द मला खटकला. आपल्या मनाविषयी विचारल्यावर बरोबर सांगितलं असं कोण म्हणतं? पढवलेलं असणार, असं मी धरलं. खरं तर त्या एका शब्दात सगळी बातमी होती आणि एकोणीस वर्षं बातम्या वाचलेल्या माणसाला ती दिसली नाही.

अहवाल अर्ध्या पानाचा झाला. दुसऱ्या फेरीचे फॉर्म प्रत्यक्ष मुलाखत न घेता भरल्याचा दाट संशय, असं त्यात होतं. तेवीस फॉर्म बाद झाले आणि रेखाला काढलं. एवढ्यावर ते थांबलं नाही. कोल्हापुरात अशी कामं करणाऱ्या संस्था मोजक्या आहेत आणि त्या एकमेकांना विचारतात. दोघांनी मला फोन करून विचारलं. दोघांनाही मी कामाबद्दल शंका आहे एवढंच सांगितलं. तेवढं पुरलं. सर्व्हेच्या कामात तिला पुन्हा कुणी घेतलं नाही.

निवृत्तीला चार महिने उरले असताना दुसरीच एक प्रश्नावली निघाली, झोपेविषयीची. आजऱ्याला जाणारी मुलाखतकार आजारी पडली म्हणून मी गेलो. कारखाना तोच. पत्र्याची लांब शेड, टेबलांच्या दोन रांगा, पुढं ताटं. अख्खा, पाकळी, तुकडा असे काजू बोटांनी वेगळे होत होते. बोलणं चालू, हात चालू, डोळे ताटात. रांगेत सगळ्यांत जुन्या होत्या नूरजहाँ मुल्लाणी. बाकीच्या त्यांना खाला म्हणत होत्या, मग त्या मुसलमान असोत नाहीतर नसोत.

मी काम समजावून सांगितलं. शेवटी नियमाप्रमाणं सांगितलं की पंधरा दिवसांनी पुन्हा येईन आणि हेच प्रश्न विचारीन. हे सांगण्याची केंद्राची पद्धत होती, नाहीतर दुसऱ्यांदा गेल्यावर लोक चिडतात.

खालांनी मागं न बघता हाक मारली. "शकू, वही काढ गं. सायेब बी दोनदा येणार हाईत."

शकूनं खणातून शाळेची शंभर पानी वही काढली. मी ती मागून घेतली. नव्या पानांच्या आधी जुनी पानं होती. डावीकडं खाली खाली नावं, तेवीस. पुढं तीस चौकोन. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं काढलेली एक बारकी घागर: रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, भरलेली. एका मोठ्या अभ्यासाची पहिली फेरी माझ्या हातात होती, आणि केंद्रात जी आहे तिच्यापेक्षा नीट ठेवलेली.

हे कशासाठी लिहिलं, असं विचारलं. उत्तर द्यायला खालांनी समोरचं ताट पुढं सरकवलं. त्यांनी जे दाखवलं ते असं. निवडून झालेलं ताट पुढं जातं. तिथं मुकादम त्यातून मूठभर काजू उचलतो आणि पुन्हा निवडतो. पहिल्या निवडीशी जुळलं तर ताट पास. अख्ख्यात एखादी पाकळी निघाली तर सगळं ताट परत, आणि ते कुणाचं ते नाव घेऊन ओरडून सांगतात. म्हणजे मोजून पुन्हा मोजणं, दोघांनी वेगवेगळं मोजणं आणि ते जुळणं हे सगळं या शेडमध्ये रोज सकाळपासून चालतं. आमच्यापेक्षा जास्त काटेकोर.

"आमच्या हितं दुसऱ्यांदा बगत्यात ते चूक धरायला," खाला म्हणाल्या. "ती बाई म्हणली, परत येनार, तेच इचारनार, आनि वर सायेब तपासनार. मंग आमी वळखलं. फरक पडला की ताट परत. बाई गरीब हुती, चांगली बोलायची. तिच्यावर कशाला यायला पायजे? ती गेल्यावर त्याच दिवशी समद्यांनी आपापलं आठवून लिवून ठिवलं. दुसऱ्यांदा यायच्या आदल्या दिवशी पाठ केलं."

त्या पंधरा दिवसांत सगळ्यांचं मन खरंच तसंच होतं का, एवढं मी विचारलं. तिथं काम करणाऱ्या बायकांना हा प्रश्न येडपट वाटला असावा.

"मन कसं सारकं ऱ्हाईल ओ? ह्या शकूची आई गेली मदल्या दिसात." शकू ताटात बघत होती. "तरी तिनं पयलंच सांगितलं. रिकामी ती रिकामी. एकदा सांगितलं की सांगितलं."

फोनवर बरोबर सांगितलंय म्हणणारी कोण, ते विचारलं नाही. खालांचा आवाज ओळखला होता.

कोल्हापूरला परत येताना बसमध्ये हिशेब सरळ लागला. आकडा खोटा होता, रेखा खरी होती. बायकांनी तिला वाचवण्यासाठी जे केलं त्यानंच ती गेली. पण तिला घालवलं ते बायकांनी नव्हे. कुणावर आरोप छापण्याआधी जागेवर जायचं आणि त्याची बाजू तपासायची, हा वर्तमानपत्रातला पहिल्या आठवड्याचा धडा. तो मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला होता.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निबंध छापून झाला आहे, ते तेवीस फॉर्म त्यात धरलेलेच नाहीत, म्हणजे निष्कर्षाला बाधा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते शास्त्राच्या दृष्टीनं बिनचूक होतं. रेखाचं काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की केंद्राच्या कागदावर तसं लिहून देणं अवघड आहे, आता ते उकरून कुणाचा फायदा? मी पत्र साध्या कागदावर लिहिलं. अहवाल चुकीचा होता, तो माझा होता, रेखा कांबळे यांनी दोन्ही मुलाखती प्रत्यक्ष घेतल्या होत्या, याचा पुरावा मी पाहिला आहे. खाली सही आणि तेव्हाचा हुद्दा. ज्या दोन संस्थांनी फोन केले होते त्यांना प्रती पाठवल्या. एकीकडून पोच आली.

रेखा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मिळाली. सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर आली. हाताला तेलाचा वास होता. काय काम करता, असं विचारलं. दांडा मायक्रोमीटरनं मोजायचा, मग तोच दांडा दुसऱ्या माणसानं मोजायचा, दोन्ही लिहायचे, असं ती म्हणाली. "तेच काम हाय सर. फक्त दांडा बोलत न्हाई."

मी आजऱ्याची हकीकत सांगितली. वहीविषयी ऐकताना ती एकदा हसली, खालांचं नाव आल्यावर. सोबत नेलेलं मूळ पत्र तिनं उभ्यानं पूर्ण वाचलं, घडी पहिल्यासारखी घातली आणि परत दिलं.

"एकच विचारते. मी चला म्हटलं होतं. तुम्ही आजऱ्याला का आला न्हाईसा?"

त्या महिन्यात सहा ठिकाणचे फॉर्म आले होते, अहवालाची मुदत जवळ होती, वेळ नव्हता, असं मी सांगितलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तिनं मान हलवली. "बरं. पंधरा दिवसांनी या. हाच प्रश्न परत विचारते."

भोंगा झाला आणि ती आत गेली. पत्र माझ्याकडंच राहिलं.

पंधराव्या दिवशी पत्र खिशात घालून त्याच वेळी त्याच गाड्यावर गेलो. ती आली, चहा घेतला नाही. तुम्ही आजऱ्याला का आला न्हाईसा, असं तिनं शब्दही न बदलता विचारलं. मुलाखतकार म्हणून ती नेहमीच चांगली होती.

या वेळी मुदतीचं नाव काढलं नाही. आजऱ्याला जायला अर्धा दिवस पुरला असता आणि तो माझ्याकडं होता, असं मी सांगितलं. गेलो नाही कारण जायची गरज वाटली नाही. तुम्ही नवीन होता, मलकापूरच्या होता, कांबळे होता, तुमच्यासाठी कुणाचा फोन येणार नव्हता. तुम्ही लबाडी केली असणार हे मी फॉर्म मांडण्याआधीच धरलं होतं.

गेटमधून एक ट्रेलर वळून बाहेर येत होता, गाड्याच्या कडेला सरून तिनं त्याला वाट दिली.

"मागल्या खेपेला वेगळं सांगितलासा."

"हो."

"म्हणजे आकडा पडला की सर तुमचा."

आणि तिनं तेलकट हात ओढणीला पुसून पुढं केला. "द्या ते पत्र."